चारशे फुटांखालचं आकाश कोण सांभाळणार? (ड्रोन, एअर टॅक्सी, एटीसी वगैरे)

सह्याद्री_सर्व्हे
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ड्रोनने सर्व्हे करतो. रस्ते, कालवे, गावठाणं, जे मिळेल ते. गेल्या महिन्यात पुण्याच्या बाहेर एका रस्त्याच्या कामावर होतो, नकाशात हिरवा झोन, म्हणजे ४०० फुटांपर्यंत कुणाला विचारायची गरज नाही, मी ९० मीटरवर लाइनी मारत होतो, सगळं नियमात. आणि डोंगराच्या मागून एकदम हेलिकॉप्टर! आधी आवाजच नाही, डोंगर आड होता ना, आणि बाहेर आलं ते थेट माझ्या ड्रोनच्या जरासं वर. मी स्टिक खाली दाबली ती दाबलीच, ड्रोन बाभळीत गेला, एक हात मोडला (ड्रोनचा). नंतर कळलं की शेजारच्या गावात लग्न होतं आणि शाळेच्या मैदानावर तात्पुरतं हेलिपॅड केलं होतं, नवरदेव आकाशातून आले.

आता बघा, त्याची परवानगी असणार, मला परवानगी लागत नव्हती. दोघंही बरोबर. पण मी तिथे आहे हे त्याला माहीत नाही आणि तो येतोय हे मला माहीत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले, सप्टेंबरमध्ये हिरवा-पिवळा-लाल नकाशा आला, २४ ऑक्टोबरला ड्रोनच्या ट्रॅफिकसाठी यूटीएमचं धोरणही आलं. कागद सगळे आहेत. मग उद्या हजारो ड्रोन, वर ते एअर टॅक्सीवाले, हे सगळं एकाच आकाशात कसं बसवणार? एटीसीवाले (विमानांचं ट्रॅफिक सांभाळणारे कंट्रोलर) ड्रोनशी बोलणार का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला_पोपट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: नवरदेव वेळेवर पोचला का?

सह्याद्री_सर्व्हे
@पोपट, पोचला. माझं काम मात्र दोन दिवस लांबलं.

टॉवरवाले_काका
चांगला धागा. मी ३० पेक्षा जास्त वर्षं कंट्रोलर होतो, आता निवृत्त. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, एटीसी ड्रोनशी बोलणार नाही. बोलूच शकणार नाही.

कारण सांगतो. आमचं काम तोंडी चालतं. व्हीएचएफ रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, पायलट जे ऐकलं ते परत म्हणून दाखवतो, आम्ही ते बरोबर आहे का ऐकतो, मग पुढचा. एका सेक्टरमध्ये दहा-पंधरा विमानं झाली की डोक्याला मुंग्या येतात. तिथे पाचशे ड्रोन म्हणजे विसराच. आणि दुसरं म्हणजे अंतरं. रडारवर दोन विमानांत टर्मिनल भागात, म्हणजे विमानतळाच्या आसपास, ३ नॉटिकल मैल, बाहेर ५, आणि उभं अंतर १००० फूट. आता तुमच्या ड्रोनचं अख्खं जग ४०० फुटांचं. आमच्या एका थरात तुमचं जग अडीच वेळा मावतं. म्हणजे आमच्या नियमाने दोन ड्रोन एकमेकांच्या वर-खाली कधी उडूच शकणार नाहीत.

आणि रडारवर तुम्ही दिसतच नाही. एवढंसं प्लॅस्टिक, हळू जाणारं, जमिनीलगत. रडारची यंत्रणा असल्या गोष्टी मुद्दाम गाळून टाकते, नाहीतर स्क्रीनवर पक्षी आणि हायवेवरचे ट्रकच दिसत बसतील. मोठ्या विमानात ट्रान्सपॉन्डर असतो, तो स्वतःहून सांगतो मी कोण, किती उंचीवर, म्हणून आम्हाला दिसतं. विमानातला टक्कर टाळणारा टीकॅसही त्याच उत्तरावर चालतो. ट्रान्सपॉन्डर नाही तर टीकॅसच्या लेखी तुम्ही नाहीच.

१२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीजवळ चरखी दादरी. दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. सौदीचं विमान १४००० फुटांवर, कझाक विमानाला १५००० ला थांबायला सांगितलं होतं, ते खाली उतरत गेलं. दिल्लीला तेव्हा उंची दाखवणारं सेकंडरी रडार नव्हतं, कंट्रोलरला फक्त ठिपके दिसत होते, उंची पायलट सांगेल ती. त्यानंतर टीकॅस सक्तीचा झाला, येण्याचे-जाण्याचे मार्ग वेगळे केले. त्या रात्री मी ड्यूटीवर नव्हतो, दुसऱ्या शहरात होतो, पण त्या आठवड्यात आमच्यातलं कुणी नीट जेवलं नाही. म्हणून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी "काही होत नाही हो" म्हटलं की मला राग येतो.

मीनल_फ्रिस्को
काका, शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला.

मी डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते, आमच्याकडे ड्रोन डिलिव्हरी २०२२ पासून आहे, आता इतकी सवय झालीय की मुलं मान वर करून बघत पण नाहीत. पहिल्यांदा मी अंगणात मोबाईल घेऊन उभी होते, विहिणीच्या स्वागताला उभं राहावं तशी! विंग कंपनीचा ड्रोन येतो, साधारण २३ फुटांवर थांबतो, दोरीने पुडा सोडतो आणि निघून जातो, खाली उतरतच नाही. वजन फार नेत नाही, किलोच्या जरासं वर. कोथिंबीर आणि क्रोसिन येतं, किराणा नाही येत.

मुद्दा हा की इथे एकाच गावावर दोन कंपन्या उडतात, विंग आणि झिपलाइन, आणि २०२४ च्या जुलैमध्ये एफएएने (इथलं विमान वाहतूक खातं) त्यांना नजरेपलीकडे, एकाच आकाशात उडायला परवानगी दिली. एटीसी मध्ये नाही! कंपन्यांची कॉम्प्युटरं एकमेकांना आधीच सांगतात, मी अमक्या वेळेला अमक्या भागातून जाणार, तो तुकडा धरलेला असेल तर दुसरीचा ड्रोन मार्ग तरी बदलतो नाहीतर थांबतो. माझा नवरा म्हणतो हे रेल्वे रिझर्व्हेशनसारखं आहे, सीट नंबरऐवजी हवेचा चौकोन, आणि तोही तेवढ्या वेळापुरताच.

टॉवरवाले_काका
बरोबर, यूटीएम म्हणजे हेच. या कल्पनेवर नासात सुरुवातीपासून काम करणाऱ्यांत परिमल कोपर्डेकर हे नाव पहिलं घ्यावं लागेल. सगळ्यांना कंट्रोलरने हाकायचं नाही, उडवणाऱ्यांनीच आपापला बेत आधी जाहीर करायचा, भांडण जमिनीवरच मिटवायचं, आणि काही बिघडलं तरच एटीसीला सांगायचं. आम्ही लोक सुरुवातीला हसलो होतो. आता हसत नाही.

पेठेतला_पोपट
कोपर्डेकर! कुठल्याही परदेशी गोष्टीत मराठी आडनाव सापडलं की या संस्थळाचं पोट भरतं :)

कामशेतचा_वारा
रिझर्व्हेशन वगैरे ठीक आहे हो, पण माझं काय?

मी पॅराग्लायडर उडवतो, कामशेतला, बारा वर्षं झाली. मला इंजिन नाही, ट्रान्सपॉन्डर नाही, बेत तर अजिबातच नाही. थर्मल (वर चढणारी गरम हवा) जिकडे नेईल तिकडे जातो, कधी गिधाडाच्या... सॉरी, घारीच्या मागे जातो कारण तिला लिफ्ट कुठे आहे ते माझ्याआधी कळतं. मी चौकोन कसा बुक करू? आता म्हणाल उड्डाण बंद करा. शिंदेवाडीच्या डोंगरावर लोक ड्रोन आले त्याच्या कितीतरी आधीपासून उडतायत.

मागच्या सीझनला एक पोरगा टेक-ऑफवर ड्रोन घेऊन आला, "दादा तुमचा भारी शॉट घेतो" म्हणाला. मी हवेत, आणि तो माझ्या लाइनींच्या दहा फुटांवर फिरवतोय. त्या लाइनी दोऱ्यासारख्या बारीक असतात, प्रॉपेलर एकदा अडकला की विषय संपला. खाली उतरून त्याला काय बोललो ते इथे लिहिलं तर संपादक उडवतील.

सह्याद्री_सर्व्हे
वारा भाऊ, त्या पोराच्या वतीने मी माफी मागतो. पण खरं सांगू का, तुमच्या पोस्टनेच माझी गोष्ट मला नीट कळली. ते लग्नाचं हेलिकॉप्टर पण तुमच्यासारखंच, म्हणजे आमच्या ड्रोनच्या बुकिंगमध्ये ते असणारच नव्हतं. ड्रोन-ड्रोन आपापसात जमवून घेतील, तो भाग सोपा दिसतोय. अडचण जुन्या लोकांची आहे जे खाली उडतात आणि कुणाला सांगत नाहीत.

म्यूनिककर
जर्मनीहून. युरोपात नेमकं इथेच घोडं अडलंय. इकडे यू-स्पेस नावाचा नियम २०२१ ला झाला, २६ जानेवारी २०२३ पासून लागू. ज्या भागाला यू-स्पेस घोषित केलं तिथे चार सेवा सक्तीच्या: ड्रोनची ओळख नेटवर्कवर दिसणं, कुठे जाऊ नये त्याचा नकाशा, उड्डाणाची मंजुरी आणि आसपासच्या ट्रॅफिकची माहिती. आणि सोबत एक बारीकसा नियम, की एटीसीच्या ताब्यात नसलेलं माणसाचं विमान त्या भागातून जाणार असेल तर त्याने स्वतःला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिसतं ठेवायचं, ग्लायडरनेसुद्धा. ग्लायडर क्लबवाले भडकले, साहजिक आहे, आम्ही आधी होतो आणि दिवा आम्हीच लावायचा का!

तोडगा म्हणून स्वस्तातले मार्ग ठरवले, मोठा ट्रान्सपॉन्डर नको, छोटं यंत्र किंवा चक्क मोबाईलवरूनही आपली जागा कळवता येते. वारा साहेब, तुमच्या व्हेरिओमध्ये (चढ-उतार दाखवणारं यंत्र) फ्लार्म, म्हणजे आपली जागा आसपासच्यांना कळवणारी सोय, असेल तर अर्धं काम झालंय.

आणि कुणी म्हणेल सगळ्या ड्रोनला विमानाचं एडीएस-बी (आपली जागा सतत रेडिओवर सांगणारं यंत्र) लावा, तर नाही चालत. सगळे १०९० मेगाहर्ट्झवर एकदम ओरडायला लागले तर खऱ्या विमानांचा आवाज त्यात बुडेल. म्हणून अमेरिकेने छोट्या ड्रोनना एडीएस-बी सोडायला उलट मनाईच केली आणि रिमोट आयडी वेगळी काढली.

कामशेतचा_वारा
फ्लार्म आहे. मोबाईलचं म्हणाल तर पवनेच्या बाजूला उतरलो की गाडीवाल्याला फोन लावायला टेकडी चढावी लागते, नेटवर्कच्या भरवशावर जीव नाही टाकणार.

ऊसवाला_वाळवा
राम राम. तुमी शहरातली माणसं आकाशाचं बोलताय, आमचा ड्रोन उसाच्या शेंड्यावर दोन-तीन मीटरच्या वर जात नाही. दहा लिटरची टाकी, एकर सात-आठ मिनिटांत मोकळा. दहा महिन्याच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरून बघा एकदा, पानं अंग कापून काढत्यात, औषध नाकातोंडात जातंय. आमच्या गावात बचत गटाच्या बायकांनी ड्रोन घेतलाय, सरकार ८० टक्के देतंय, जास्तीत जास्त ८ लाख. चालवणारी आमची वहिनीच हाय, सर्टिफिकेट काढून आली.

आमाला हेलिकॉप्टरची भीती नाही, भीती तारांची. एमएसईबीच्या तारा आणि विहिरीवरची सर्व्हिस वायर. कुठल्याच नकाशावर नसत्यात. तुमच्या त्या यूटीएमात तारा टाका आधी.

मीनल_फ्रिस्को
दादा, अगदी खरं! २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनात ॲमेझॉनचे दोन ड्रोन एका क्रेनला धडकले. क्रेन काल नव्हती, आज आहे. आकाशाचा नकाशा रोज बदलतो हे लक्षातच येत नाही आपल्या.

रोखठोक_राणे
एवढी चर्चा कशाला? सगळे ड्रोन बंद करा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, नगरकडे रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी होती, चोर टेहळणी करतायत म्हणून. लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. कुणाचे ड्रोन होते ते कळलं का? मुंबईत पोलीस दर काही दिवसांनी बंदीचा आदेश काढतातच ना, पॅराग्लायडर पण त्यातच. बरोबर करतात.

सह्याद्री_सर्व्हे
राणे साहेब, त्या पावसाळ्यात माझाच ड्रोन एका गावात जप्त करून ठेवला होता, दुपारी बारा वाजता, पाटबंधाऱ्याचं काम करताना! सरपंचांनी कागद बघितले, चहा पाजला आणि सोडलं. राग नाही, पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कुणाचा होता ते कळत नाही कारण नंबर प्लेट नाही. अमेरिकेत रिमोट आयडीची सक्ती २०२४ च्या मार्चपासून नीट लागू झाली, ड्रोन उडताना आपला नंबर आणि उडवणारा कुठे उभा आहे ते सतत सांगतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमात ट्रॅकिंग बीकन, जिओफेन्सिंग (ठरावीक हद्दीबाहेर न जाणं), परवानगीशिवाय न उडणं हे सगळं "पुढे अधिसूचना काढू आणि तेव्हा किमान सहा महिने मुदत देऊ" असं लिहून ठेवलंय.

रोखठोक_राणे
चोर नंबर प्लेट लावून येतो का?

टॉवरवाले_काका
राण्यांचा हा प्रश्न उडवून लावू नका. २०१८ च्या डिसेंबरमध्ये लंडनचं गॅटविक विमानतळ ऐन नाताळाच्या तोंडावर बंद पडलं, जवळजवळ १००० उड्डाणं, १ लाख ४० हजार प्रवासी, आणि शेवटपर्यंत कुणावर गुन्हा शाबीत झाला नाही. एका जोडप्याला पकडलं आणि सोडून दिलं. पण त्यातून मी वेगळा अर्थ काढतो. तिथल्या कंट्रोलरला "तिकडे ड्रोन दिसला" एवढंच कळत होतं, कुणाचा, किती उंचीवर, खरा की भास, काही नाही. अशा वेळी आमच्या हातात एकच बटण असतं, सगळं बंद. प्रामाणिक ड्रोन सगळे स्क्रीनवर दिसत असते तर जो दिसत नाही तो चोर, एवढं तरी म्हणता आलं असतं.

आणि बंदी म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर ड्रोन उडवायला बंदीच होती. तरी एकाने उडवला, पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं, विमान आग विझवायची सोडून हँगरमध्ये. अडीचशे ग्रॅमच्या आतला खेळण्यातला ड्रोन होता तो. पक्षी मऊ असतो हो, मोटर आणि बॅटरी मऊ नसते.

पेठेतला_पोपट
एक बाळबोध शंका. तुम्ही सगळे फूट-फूट करताय, पण उंची मोजता कुठून? मी कोकणकड्यावर उभा आहे, ड्रोन हाताने सरळ पुढे सोडला, तो एक फूटही वर गेला नाही. आता तो किती उंचीवर आहे?

सह्याद्री_सर्व्हे
पोपट, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललास :)

ही बाळबोध शंका नाही, आमच्या धंद्यातली रोजची डोकेदुखी आहे. तुझ्या रिमोटवर ० मीटर दिसेल, कारण बहुतेक ड्रोन जिथून उडाला तिथून उंची मोजतात. पण खाली कडा हजारभर फुटांहून जास्त कोसळलाय, म्हणजे जमिनीपासून तू ४०० ची मर्यादा पहिल्या सेकंदालाच मोडलीस. (आणि गडावर उडवायला पुरातत्त्व आणि वनखात्याच्या परवानग्या वेगळ्या, ते आधी बघ.) मी घाटात काम करताना जमिनीचा नकाशा भरून ड्रोनला चढउतार पाळायला लावतो, नाहीतर एका टोकाला ९० मीटर आणि दुसऱ्या टोकाला २५०.

टॉवरवाले_काका
आणि त्याच वेळी हेलिकॉप्टरवाला वेगळीच उंची वाचतोय. विमानातला अल्टिमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र. त्या दिवशीचा दाब त्यात लावायचा असतो, १ हेक्टोपास्कल चुकला की साधारण ३० फुटांचा फरक. ड्रोन उपग्रहावरून किंवा सुरुवातीच्या जागेवरून मोजतो, विमान दाबावरून, आणि नियम म्हणतो जमिनीपासून. तिघं "तीनशे फूट" म्हणतील आणि तिन्ही तीनशे वेगळे. ३६००० फुटांवर हे चालतं, सगळे एकाच दाबावर सेट करतात आणि सगळ्यांची चूक सारखीच असते. ४०० फुटांत शंभर फुटांची चूक म्हणजे पाव आकाश गेलं. तुमची एअर टॅक्सी आणि ड्रोन शेजारून न्यायचे असतील तर आधी हे एक करा, बाकी सॉफ्टवेअर नंतर. युरोपात यावर काम चाललंय असं वाचलं होतं.

म्यूनिककर
हो, आयकारस नावाचा प्रकल्प झाला, सगळ्यांना समान उंची कळावी म्हणून एकाच्या उंचीचं दुसऱ्याच्या उंचीत भाषांतर करून देणारी सेवा, अशी कल्पना. अजून रोजच्या वापरात नाही.

एअर टॅक्सीबद्दल मात्र मी जरा थंडच आहे. आमच्या म्यूनिकची लिलियम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली, डिसेंबरमध्ये व्होलोकॉप्टर. ओळखीच्या एकाची नोकरी गेली त्यात. चीनमध्ये ईहँगच्या बिनपायलटच्या दोन सीटर यंत्राला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र मिळालंय, म्हणजे यंत्र उडतं हो, प्रश्न पैशाचा आणि गर्दीत बसवायचा आहे. पायलटवाल्या टॅक्स्या सुरुवातीला तुमच्या एटीसीशी बोलतच, हेलिकॉप्टरच्या मार्गांनी जातील.

रोखठोक_राणे
मुंबईत येऊ दे बघू. जुहूवरून हेलिकॉप्टरं बॉम्बे हायला जातात, बाजूला सांताक्रूझचा मोठा विमानतळ एकावेळी एकच धावपट्टी वापरत घाम गाळतोय, आता नवी मुंबईपण सुरू झालाय. त्यात टॅक्सी कुठे घुसवणार?

टॉवरवाले_काका
राणे, इथे मात्र १००% सहमत. जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ आहेत की दोघांचा एकमेकांशी सतत ताळमेळ ठेवावा लागतो. हे "सहकार्य" कागदावर एका ओळीत लिहितात, प्रत्यक्षात हॉटलाइनवर दोन थकलेली माणसं बोलत असतात. नव्या व्यवस्थेत तिसरी खुर्ची यूटीएमवाल्याची येणार. गर्दीच्या वेळी विमानतळाजवळचा ड्रोनचा भाग एटीसीने लगेच बंद करायचा आणि ड्रोनवाल्यांना काही सेकंदांत कळायचं, ही तार आधी जोडा. फोन करून नाही जमणार.

सह्याद्री_सर्व्हे
काका, सध्या आमची तार म्हणजे ईमेल. पिवळ्या झोनमधल्या एका कामाला अर्ज केला होता, उत्तर आलं तेव्हा मजूर गावाला निघून गेले होते. कोणाचं नाव घेत नाही, माणूस एकटा असेल तिकडे आणि अर्ज ढीगभर. पण डॅलसमध्ये मशीन काही सेकंदांत हो-नाही सांगतं आणि आपण पीडीएफला सही-शिक्का मारतोय, मग लोक न विचारता उडवतात, आणि न विचारलेला ड्रोन म्हणजे न दिसणारा ड्रोन.

मी स्वतःपुरतं एक ठरवलंय. घाटात काम असेल तर आदल्या दिवशी गावच्या पोलीस पाटलाला विचारतो, उद्या लग्न, सभा, मंत्री, काही हेलिपॅड आहे का. आणि हातात छोटा एडीएस-बी रिसीव्हर घेतोय, किमान ज्यांच्याकडे यंत्र आहे ते तरी दिसतील.

ऊसवाला_वाळवा
पोलीस पाटील म्हणजे तुमचं यूटीएम झालं की!

मीनल_फ्रिस्को
=)) =))

कामशेतचा_वारा
सर्व्हेवाले, पोलीस पाटलाला माझा पत्ता नसतो. आमच्या क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज सकाळी कोण कुठे उडणार ते त्यावर पडतं, तुम्हाला घेतो त्यात, व्यनि करा. मावळात काम असलं की तुम्ही पण टाका, कुठे, किती वाजता, किती उंची. आणि शनिवारी शिंदेवाडीला या, वारा पश्चिमेचा राहिला तर तुम्हाला एकदा टँडमवर (दोघांच्या पॅराग्लायडरवर) नेतो, वरून ड्रोन किती उशिरा दिसतो ते स्वतःच बघा.

सह्याद्री_सर्व्हे
येतो नक्की. व्यनि केलाय. टेस्टसाठी ड्रोन आणू का मग, दुसरं कुणीतरी उडवेल?

कामशेतचा_वारा
आणा. फक्त माझे सगळे लोक खाली उतरून विंग घडी केल्याशिवाय बॅगेतून काढू नका, आणि टेस्ट आपण टँडमवर एकटेच हवेत असताना, दोनशे फूट लांबून. तो आधीचा पोरगा पण येतोय, त्यालाच रिमोट देऊ.